घरांतलें पिलूं आणि घरांतलीं मुलें



साताऱ्याहून पूर्वेस थोड्या अंतरावर, कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा जेथें संगम होतो तेथें, संगम माहुली नांवाचें क्षेत्र आहे. तेथील देवालयांच्या व घाटांच्या सान्निध्यांत एका कुत्र्याची समाधि आहे. हा कुत्रा छत्रपति शाहूमहाराजांचा. शिकारींत वाघापासून त्यानें धन्याचे प्राण वांचविले, आणि महाराजांनीं त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, असें सांगतात. शाहूमहाराज १७४९ सालीं निवर्तले. परंतु त्यांच्या खंड्याची कथा साताऱ्यांत अजून सांगितली जाते. आम्हीं ती आजीच्या मांडीवर ऐकली, आणि आतां आमच्या नातवंडांना आम्ही ती सांगतों.

ही कथा सांगतांना एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानांत येत नाहीं. खंड्याहि एके काळीं चार महिन्यांचें पिलूं असेल. त्यालाहि दांत फुटले असतील. त्यानेंहि कोणा सेवकाच्या धोतराच्या चिंध्या केल्या असतील, वाड्यांतल्या एखाद्या पोराची पोटरी धरली असेल. सांगणारांनीं पालखी सांगितली, पोटरी सांगितली नाहीं. पण ज्या घरांत लहान मूल आणि लहान पिलूं अशीं दोन्ही एकदम वाढत आहेत, त्या घराला पालखीपेक्षां पोटरीचाच विचार अधिक करावा लागतो. आज मी त्याविषयींच बोलणार आहें.

माहुलीची हीच कृष्णा पुढें कऱ्हाडावरून सांगलीस जाते. सांगलीला माझे साडू राहतात. दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां, त्यांनीं जतहून आणलेलें नऊ आठवड्यांचें एक पिलूं आमच्या स्वाधीन केलें. तें मुधोळ जातीचें. आपल्याकडे या जातीला कारवानी असेंहि म्हणतात. मुधोळ हें घोरपड्यांचें संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ही जात पुन्हा नांवारूपास आणली. २००५ सालीं टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं जीं तिकिटें काढलीं त्यांत हा कुत्रा आहे, आणि २०१६ सालीं आपल्या सैन्यानें या जातीचीं पिलें मेरठ येथें शिक्षणासाठीं नेलीं. लांब निमुळतें तोंड, खोल छाती, पाठीस लागलेलें पोट आणि काठीसारखे पाय. माण, खटाव, जत अशा कमी पावसाच्या मुलखांत, उघड्या माळावर सशामागें धांवण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या त्याची निपज झाली. आतां तशा शिकारीला १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे. पण रक्ताला कायदा ठाऊक नसतो. नाकापेक्षां डोळ्यांवर या कुत्र्याचा भरंवसा अधिक. दूरवर कांहीं हाललें कीं विचार करण्याच्या आधींच पाय निघतात.

हें सारें मुद्दाम सांगितलें, कारण माळावरून पळणारा ससा आणि अंगणांतून किंचाळत पळणारी चार वर्षांची मुलगी यांतला भेद पिलाला जन्मतः कळत नाहीं. तो आपण शिकवावा लागतो. आणि मुधोळचें पिलूंच कशाला, रस्त्यावरून उचलून आणलेल्या गांवठी पिलालाहि धांवतें तें धरावें हीच बुद्धि प्रथम होते.

पहिला महिना कौतुकांत गेला. माझी नात चिमी त्या वेळीं चार वर्षांची होती. पिलाचें नांव तिनेंच पाखऱ्या ठेवलें. त्यानें तिचें बोट तोंडांत धरलें कीं आम्ही सर्व हंसत असूं. हंसणें हें उत्तेजनच होतें, हें तेव्हां कळलें नाहीं. चवथ्या महिन्यांत रंग पालटला. चिमी धांवली कीं पाखऱ्या मागें, आणि झग्याचा घेर त्याच्या दांतांत. ती ओरडली कीं त्याला अधिकच चेव येई. तिच्या मनगटांवर ओरखडे आणि टांचांवर दांतांच्या खुणा दिसूं लागल्या.

घरांत पक्ष पडले. पिलूं सांगलीस परत पाठवावें, हा आमच्या सौभाग्यवतींचा पक्ष. वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर हाणावी, हा चिरंजीवांचा. सारा दिवस मागील दारीं बांधून ठेवावें, हा सूनबाईंचा. माझा पक्ष विचाराल तर, ‘लहान आहे, मोठें झालें म्हणजे आपोआप सुधारेल,’ असा होता. आणि चारांत अधिक घातक तोच होता.

शेवटीं बांधणें आणि सुरळी असे दोन्ही उपाय सुरू झाले. आठवड्याभरांत गुण आल्यासारखें वाटलें. पूर्वीं पाखऱ्या चिमीवर गुरगुरत असे, तो गुरगुरेनासा झाला. ती जवळ आली कीं मान खालीं घालून निश्चल उभा राही. आम्हीं समजलों, शिकला! पुढें एके दिवशीं दुपारीं तो माजघरांत भाकरी खात असतां चिमी मागून गेली आणि तिनें त्याच्या गळ्याला मिठी मारली. गुरगुर नाहीं, भुंकणें नाहीं. एक क्षण, आणि चिमीच्या गालावर रक्त. जखम लहान होती. पण ती डोळ्याच्या खालीं अवघ्या दोन बोटांवर होती. तीं दोन बोटें मी अजून विसरलों नाहीं.

चिमीवर काय उपचार केले तें पुढें सांगतों. दुसऱ्या दिवशीं मी पाखऱ्याला एका पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “गुरुजी, घराची घंटा तुम्हीं स्वतःच काढून ठेवली, आणि आतां चोर न सांगतां आला म्हणून तक्रार करतां!”

त्या एका वाक्यांत सारें आलें. गुरगुरणें हा कुत्र्याचा अपराध नव्हे. ती त्याची भाषा आहे. ‘मला भीति वाटते, दूर व्हा,’ एवढेंच तो सांगत असतो. गुरगुरल्याबद्दल आपण त्याला मारलें तर तो गुरगुरणें सोडतो, पण भीति सोडीत नाहीं. उलट मूल जवळ आलें कीं मार बसतो असा हिशेब तो मनाशीं मांडतो, आणि मुलाविषयींची अढी वाढते. मग इशारा गळून पडतो आणि चावा तेवढा शिल्लक राहतो.

गुरगुरण्याच्याहि आधीं कुत्रा बरेंच कांहीं बोलत असतो. तोंड फिरवतो, जीभ पुनःपुन्हा ओठांवरून फिरवतो, झोंप नसतां जांभई देतो, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दाखवतो, कान मागें पाडतो, शेपूट पोटाखालीं घेतो. आणि सर्वांत शेवटीं अंग ताठ करून थिजल्यासारखा उभा राहतो. पाखऱ्याचें जें निश्चल उभें राहणें आम्हीं आज्ञाधारकपणा मानलें, तो वस्तुतः शेवटचा इशारा होता. शेपूट हालतें आहे म्हणजे कुत्रा प्रसन्नच आहे, ही समजूतहि खरी नाहीं. अंग सैल असून शेपूट सहज हालत असेल तर तो आनंद. अंग ताठ असून शेपूट उंच व आखडून हालत असेल तर सावध व्हावें.

आतां पिलूं चावतें कां, हें पाहूं. पिलाला हात नाहींत. जगाची ओळख तें तोंडानेंच करून घेतें. त्याचे दुधाचे २८ दांत तिसऱ्या आठवड्यापासून येऊं लागतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास ते पडूं लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दांत येतात. या काळांत हिरड्या शिवशिवतात व हातीं लागेल तें चावावेंसें वाटतें. शिवाय चाव्याचा जोर किती असावा, हा धडा पिलें भावंडांत शिकतात. खेळतांना एकानें जोरानें चावलें कीं दुसरें केकाटतें आणि खेळ टाकून निघून जातें. चावणाराला कळतें कीं अशानें सोबती जातो. म्हणून आठ आठवडे पुरे होण्याच्या आधीं पिलूं आईपासून तोडूं नये. जॉन स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कित्येक वर्षें पिलें वाढवून जो ग्रंथ १९६५ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या स्वभावाच्या घडणींत किती महत्त्वाचा आहे हें दाखविलें आहे. या काळांत ज्या पिलानें शांत व सौम्य मुलें पाहिलीं, त्याला पुढें मुलांची धास्ती वाटत नाहीं.

आमच्या घरीं सुरळी त्या दिवशींच चुलींत गेली. पुढें आम्हीं जें केलें तें क्रमानें सांगतों. त्यांत कठीण असें कांहीं नाहीं; पण घरांतल्या प्रत्येकानें तेंच आणि तसेंच केलें पाहिजे, एवढी एक अट आहे. एकानें हंसावें, दुसऱ्यानें मारावें, तिसऱ्यानें बिस्किट द्यावें, असें असेल तर पिलानें शिकावें तरी काय?

पहिला नियम असा : दांत लागला कीं खेळ संपला. ओरडावयाचें नाहीं, हात झटकावयाचा नाहीं, पळावयाचें नाहीं. थोर माणसानें शांतपणें उठून अर्धा-एक मिनिट पिलाकडे पाठ करावी किंवा दाराआड जावें. परत आल्यावर तें सौम्य वागलें तर खेळ पुन्हा सुरू. भावंडांकडे अर्धवट राहिलेला धडा तो हाच. दुसरा नियम : चावण्याला हक्काची वस्तु द्यावी. जाड दोरीची गांठ, रबराचें खेळणें, दांत येण्याच्या दिवसांत थंड केलेलें गाजर. तोंड झग्याकडे वळलें कीं दोरी पुढें करावी, आणि तिला धरल्याबद्दल शाबासकी द्यावी. जुना जोडा मात्र देऊं नये. जुना जोडा आणि नवा जोडा यांतला फरक पिलाला समजत नाहीं. तिसरा नियम : दमणूक आणि विश्रांति हीं दोन्ही पुरेशीं हवींत. पाखऱ्याला मी रोज पहाटे साखळी लावून चार भिंतींच्या टेकडीकडे फिरावयास नेऊं लागलों. तो परतला म्हणजे जिन्याखालच्या त्याच्या गोणपाटावर झोंपी जाई. झोंप अपुरी झालेलें पिलूं हें झोंप अपुरी झालेल्या मुलासारखेंच चिडखोर असतें. सारा दिवस बांधून ठेवल्यानें तर तें अधिकच बिथरतें.

चवथा नियम जेवणाचा. पाखऱ्याची थाळी माजघरांतून उठली आणि मागल्या पडवींत दार लावून ठेवली जाऊं लागली. तो जेवत असतां थोरांपैकीं कोणी तरी लांबून जाई आणि जातांना अंड्याचा तुकडा त्याच्या थाळीकडे टाकी. थाळी उचलून ‘धनी कोण’ हें दाखवण्याची जुनी रीत आम्हीं सोडली. माणूस जवळ आला म्हणजे कांहीं जात नाहीं, येतेंच, हें त्याला पटलें. आणि दोन महिन्यांनीं जेवतांना कोणी जवळून गेलें तरी तो शेपूट हालवून वर पाहूं लागला. तरीहि ही शिकवण थोरांनींच द्यावयाची. मुलाच्या हातीं हें काम कधींहि देऊं नये.

पण हे सारे पिलाचे धडे झाले. शाळेंत दोन विद्यार्थी असतां एकालाच शिकवून कसें चालेल? चिमीलाहि आम्हीं तीन गोष्टी शिकवल्या. जेवतांना, झोंपलेला असतांना आणि गोणपाटावर असतांना पाखऱ्याला हात लावावयाचा नाहीं. मिठी मारावयाची नाहीं, त्याच्या तोंडाशीं तोंड न्यावयाचें नाहीं. प्रेम करावयाचें तर त्याला हांक मारावी, तो आपण होऊन आला तर छातीवर किंवा खांद्यावर हळूच खाजवावें, आणि थांबून पाहावें. आणखी हवें असेल तर तो स्वतःच जवळ सरकेल. नको असेल तर निघून जाईल. आणि तिसरी गोष्ट, तो अंगावर धांवून आला कीं पळावयाचें नाहीं, वड व्हावयाचें. पाय जमिनींत रोंवलेले, हात छातीशीं दुमडलेले, नजर खालीं, तोंड बंद. न हालणाऱ्या वडाशीं खेळण्यांत कुत्र्याला मौज वाटत नाहीं. पडल्यास गुडघे पोटाशीं घेऊन, दोन्ही हातांनीं मान व कान झांकून कांसव व्हावयाचें. हा वडाचा खेळ आम्हीं पाखऱ्याला बांधून, नुसता तिच्याशींच महिनाभर खेळलों. मुलाला ‘कुत्र्याजवळ जाऊं नकोस’ असें शंभरदां सांगण्यापेक्षां ‘काय कर’ हें एकदां करून दाखवावें.

तिसरा विद्यार्थी म्हणजे आपण थोर माणसें. आमचा नियम असा कीं, मूल आणि कुत्रा जेथें एकत्र तेथें तिसरें जागतें माणूस हवें. आणि तें खोलींत असून चालत नाहीं, त्याचे डोळे त्यांच्यावर हवेत. हातांत फोन घेऊन बसलेलें माणूस हें तिसरें माणूस नव्हे. दार उघडलें आणि भाजीवाल्याकडे जावयाचें असेल तर दोघांपैकीं एकाला बरोबर न्यावें किंवा मध्यें दार लावावें. मूल सहा-सात वर्षांचें होईपर्यंत तरी या नियमाला अपवाद नसावा. कुत्रा कितीहि गरीब असो. ‘आमचा कांहीं करीत नाहीं’ हें वाक्य मीहि त्या दुपारपर्यंत म्हणतच होतों.

आतां चिमीच्या जखमेविषयीं. चावा घरच्या पिलाचा असो, बारीक असो, पिलाला लस टोचलेली असो, जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पूर्ण पंधरा मिनिटें धुवावी. मुलाला तो वेळ युगासारखा वाटतो; तरीहि घड्याळ लावून धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकीं कांहींहि लावूं नये. नंतर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें, आणि लस व जखमेंत देण्याचें औषध यांचा निर्णय त्यांच्यावर सोंपवावा. चेहरा, डोकें व हात यांवरील जखमेस विशेष घाई करावी. कुत्र्याला मारूं नये, हाकलूं नये. दहा दिवस नजरेखालीं ठेवावें.

हें इतक्या आग्रहानें सांगण्याचें कारण रेबीज होय. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी वांचण्याची आशा जवळजवळ नसते. पण वेळीं उपचार केल्यास तो पूर्णपणें टाळतां येतो. संशयित जनावरांनीं चावलेल्या माणसांत सुमारें ४० टक्के १५ वर्षांखालील मुलें असतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. फ्रान्समध्यें १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं पहिली लस टोचली ती योझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलालाच. आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें पाश्चर संस्था निघाली. आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांना पोटांत घ्यावयाचीं तीं चौदा इंजेक्शनें आठवत असतील, आणि त्या भीतीनें चावा लपवणारीं मुलेंहि आठवत असतील. ती जुनी लस आपल्या देशांत २००४ च्या अखेरीस बंद झाली. आतांची लस दंडांत थोड्याच वेळां घ्यावी लागते. मुलांना हें सांगून ठेवावें, म्हणजे तीं ओरखडा लपवणार नाहींत. पिलालाहि तीन महिन्यांचें होतांच ही लस टोचून घ्यावी, आणि पुढें पशुवैद्य सांगतील तेव्हां पुन्हा द्यावी.

एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. प्रत्येक चावणें हा खेळ नसतो. पिलूं ताठ उभें राहून टक लावून पाहत असेल, धरलेलें सोडीत नसेल, पुनःपुन्हा चेहऱ्यावर जात असेल, किंवा शांत कुत्रा एकाएकीं चिडखोर झाला असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवूं नयेत. कान, दांत, पोट यांतली वेदना हेंहि त्याचें कारण असूं शकतें. पशुवैद्यांना दाखवावें, आणि तोंवर मूल व कुत्रा यांना पूर्णपणें वेगळें ठेवावें. सर्व करूनहि एखाद्या कुत्र्याला लहान मुलांचें घर मानवत नाहीं असें दिसलें, तर जेथें मुलें नाहींत अशा जाणत्या माणसाच्या घरीं, त्याचा सर्व इतिहास न लपवतां सांगून, त्याला द्यावें. यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो रात्रीं गाडींत घालून गांवाबाहेर सोडून येण्यांत. ज्याला आपण चावावयास शिकवलें आणि मग भुकेला सोडलें, तो दुसऱ्या कोणाच्या तरी मुलापर्यंत पोंचतोच.

आमच्याकडे ती वेळ आली नाहीं. पाखऱ्या आतां दोन वर्षांचा झाला आहे. तो देवमाणूस झाला आहे असें मी म्हणत नाहीं. त्याचें जेवण अजून पडवींत दार लावूनच होतें. चिमीच्या गालावरची खूण नीट पाहिली तरच दिसते. परवां शेजारचा मुलगा फाटकांतून आंत आला आणि पाखऱ्या उठतांच किंचाळून पळणार, तोंच चिमी जोत्यावरून ओरडली, “पळूं नको, वड हो!” तो मुलगा वड झाला. पाखऱ्यानें त्याच्या चपला हुंगल्या आणि तो परत येऊन सावलींत पडला.

माहुलीच्या त्या समाधीजवळ मी अलीकडे पुन्हा जाऊन आलों. पालखीचा मान मिळवणारा कुत्रा कोणत्या थोर रक्ताचा होता, हें मला आतां महत्त्वाचें वाटत नाहीं. तो पिलूं असतांना त्याला न मारतां, न हंसतां, रोज तोच धडा देणारा कोणी तरी मोतद्दार त्या वाड्यांत असला पाहिजे. त्याचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं. आपल्या घरांत तें काम आपलें आहे.